जवारी

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका मराठी घरी जुळ्या बहिणी होत्या. एक दहा मिनिटं आधी जन्मली म्हणून ती थोरली, दुसरी धाकटी. नाटकाचं वेड दोघींना सारखंच. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पाचव्या वर्षी एक उंदीर झाली आणि दुसरी मोदक. तेव्हा अंगाला लागलेला रंग पुढे उतरलाच नाही. शाळेचं शेवटचं वर्ष आलं तेव्हा दोघींनी एकाच संध्याकाळी आईबाबांना सांगितलं, "आम्हाला नाटकच शिकायचंय."

आईबाबा दोघेही कॉम्प्युटरच्या क्षेत्रातले. पोटात गोळा आला, पण ते रागावले नाहीत. आधी नीट समजून घेऊ, म्हणून त्यांनी शाळेत नाटक शिकवणाऱ्या बाईंना जेवायला बोलावलं.

"इथे नाटक शिकायचे मुख्य रस्ते दोन," बाई म्हणाल्या. "एक बीएफएचा, म्हणजे कलेच्या खास पदवीचा. तिथे बहुतेक ठिकाणी ऑडिशन देऊनच आत जाता येतं. चार वर्षांतला साधारण दोन तृतीयांश अभ्यास नुसत्या कलेचा असतो. आवाज, श्वास, शरीर, अभिनय. न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये तर नाटकासाठी वर्षाला जेमतेम अठरा-वीस जणांना घेतात. दुसरा रस्ता बीएचा. त्याला पुष्कळ ठिकाणी ऑडिशन लागत नाही. त्यात नाटकाचा वाटा साधारण एक तृतीयांश. बाकी इतिहास, विज्ञान, भाषा, ज्याला जे हवं ते. पण ऑडिशन नाही म्हणजे सोपं, असं समजू नका. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नाटकाच्या पदवीसाठी ऑडिशन घेत नाहीत, पण त्या विद्यापीठात शिरताना भल्याभल्यांची दमछाक होते."

"मग यातला चांगला रस्ता कुठला?" बाबांनी विचारलं.

बाईंनी पानातला घास संपवला आणि म्हणाल्या, "व्हायोला डेव्हिस आधी ऱ्होड आयलंड कॉलेजात शिकली. साधं सरकारी कॉलेज. १९८८ मध्ये तिथली पदवी घेतली, मग जुलियार्डला गेली आणि १९९३ मध्ये तिथून बाहेर पडली. मेरिल स्ट्रीप आधी वासार कॉलेजात नाटक शिकली, मग येलच्या नाट्यशाळेत. दोघींनी दोन्ही प्रकारचं शिक्षण घेतलं. रस्त्याबद्दल मी सांगू शकते. चालणारीबद्दल आताच कसं सांगू?"

दोघींनी दोन्हीकडे अर्ज केले. पानगळीच्या दिवसांत घराच्या तळघरात चादर टांगून व्हिडिओ केले आणि पाठवले. त्यातून पुढे बोलावणं आलं आणि जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत दोघी आईबरोबर आगगाडीने न्यूयॉर्कला गेल्या. टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका इमारतीत भाड्याच्या तालीमखोल्या होत्या. बाहेरच्या लांबलचक बोळात देशभरातून आलेली मुलं भिंतीला टेकून, ओठ हलवत, आपापल्या स्वगतांची उजळणी करत बसली होती. खोलीत जायचं, एकमेकांपेक्षा अगदी वेगळ्या प्रकृतीची दोन स्वगतं सादर करायची, एकेक दीड मिनिटाचं. मग समोरचे म्हणणार, "थँक यू." की आपण बाहेर.

बारा वर्षांचं वेड तीन मिनिटांत मांडायचं होतं.

मार्चमध्ये उत्तरं आली. थोरलीला एका नावाजलेल्या नाट्यशाळेत जागा मिळाली. वर्गात सोळाच मुलं घेणार होते, त्यांतली ती एक. धाकटीला ऑडिशन घेणाऱ्या आठही ठिकाणांहून नकार आला. राज्याच्या विद्यापीठात बिगर-ऑडिशनच्या बीएला तेवढी जागा मिळाली होती.

घरी फोनवर फोन आले. ओळखीच्या काकू पेढे घेऊन आल्या आणि थोरलीला म्हणाल्या, "नशीब काढलंस हो!" मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "तुझंही होईल काहीतरी." धाकटी पेढा हातात घेऊन तळघरात गेली आणि टांगून ठेवलेल्या त्या चादरीसमोर बसून राहिली. आपलं काय चुकलं, हे ती मनात शोधत होती. काहीच चुकलं नव्हतं. एक शब्द विसरला नव्हता, आवाज फाटला नव्हता. याचंच तिला जास्त दुःख होतं. चूक सापडली असती तर ती दुरुस्त करता आली असती.

आजोबा मिरजेला राहत. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले. त्यांना बातमी कळली तेव्हा तिकडे पहाट होती. त्यांनी फोन केला आणि आधी धाकटीलाच मागितलं.

"आजोबा, मला कोणी निवडलंच नाही," ती म्हणाली.

आजोबांनी तिची समजूत घातली नाही. त्यांनी फोन तंबोऱ्याजवळ टेकवून ठेवला आणि चार तारा छेडल्या. तळघर त्या नादाने भरून गेलं.

"कसा वाटला?"

"छान."

"हा मी कसा घेतला ठाऊक आहे? तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. कारागीर ते वाळवतो, टिचकी मारून बघतो, आणि त्यांतले थोर, गोल भोपळे मोठ्या गवयांच्या वाद्यांसाठी बाजूला काढतो. मी गेलो तो मास्तरकीचा पहिला पगार घेऊन. मला मिळाला तो मागे राहिलेल्या भोपळ्याचा. एका अंगाला बसका आहे, अजून दिसतो. पन्नास वर्षं झाली, रोज पहाटे वाजतोय."

"म्हणजे निवडीला काही अर्थ नसतो?"

"असं कसं म्हणू? थोर भोपळ्याचा नाद थोर असतो. तुझ्या बहिणीला चांगलं घर मिळालंय, त्याचा आनंद मान. पण आमच्या गल्लीत एका वाड्यात असा निवडक भोपळ्याचा तंबोरा आहे. गवसणीतून वर्षानुवर्षं निघालेला नव्हता. परवा कोणी काढला, तर लाकडावर टिचकी मारावी तसा ठक्क वाजला. भोपळा निवडून आणला, पण पुढे त्याची जवारी कोणी काढली नाही."

धाकटीला जवारी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आजोबांनीही त्या दिवशी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तुम्ही दोघी घर सोडून जाल, तेव्हा दर रविवारी मला फोन करायचा. मी दोघींना एकेकच प्रश्न विचारणार. थोरलीला विचारेन, 'या आठवड्यात नाटकाबाहेरचं काय पाहिलंस?' आणि तुला विचारेन, 'या आठवड्यात तुझी परीक्षा कोणी घेतली?'"

ऑगस्टच्या अखेरीस दोघी गेल्या.

थोरलीचा दिवस सकाळी आठला सुरू होई आणि रात्री दहाला संपे. तासभर जमिनीवर उताणं पडून नुसता श्वास बघायचा. मग उच्चार, मग शरीर, मग लुटुपुटीची तलवारबाजी, मग शेक्सपिअरच्या ओळींचा ताल. पहिलं वर्षभर प्रेक्षकांसमोर उभं राहायला बंदी. आधी जुन्या सवयी गळू देत, असं तिथल्या शिक्षकांचं म्हणणं. महिन्या-दोन महिन्यांत तिचा आवाज नाभीतून यायला लागला, खांदे सैल झाले. सोळा जण एकत्र जेवत, एकत्र झोपेला मुकत, एकमेकांच्या चुका पाठ ठेवत. हे सुख मोठं होतं, आणि ते तिला तिच्या निवडीने मिळालं होतं.

रविवार आला की आजोबा विचारत, "नाटकाबाहेरचं काय पाहिलंस?"

"वेळच नाही हो आजोबा."

"बरं," ते म्हणत. रागावत नसत, आणि पुढच्या रविवारी तेच विचारत.

धाकटीचं उलटं झालं. विद्यापीठ एवढं मोठं की वर्गाला पोचायला बस लागे. नाटकाच्या वर्गात कोणीही येऊन बसे. कोणी हौशी, कोणी वकील होणारा, कोणी नुसता लाजाळूपणा घालवायला आलेला. तिने नाटकाचा इतिहास घेतला, प्रकाशयोजना घेतली, जोडीला समाजशास्त्र घेतलं. पहिल्याच वर्षी मुलांनीच चालवलेल्या मंडळाच्या दोन नाटकांत तिला कामं मिळाली. मित्रमैत्रिणींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तिच्या मनातला नकाराचा काटा बोथट झाला.

"तुझी परीक्षा कोणी घेतली?" आजोबांनी रविवारी विचारलं.

"सगळ्यांना खूप आवडलं, आजोबा."

"ते झालंच. परीक्षा कोणी घेतली?"

धाकटी गप्प बसली. पहिलं वर्षभर ती दर रविवारी गप्प बसत होती. मग एका रात्री प्रयोगानंतर रंग पुसताना तिला आरशात स्वतःचा चेहरा दिसला आणि प्रश्न कळला. इथे तिला कोणी अडवत नव्हतं. सकाळी कोणी उठवत नव्हतं, चुकलं तर कोणी थांबवत नव्हतं. दार सताड उघडं होतं, आणि उघड्या दारातून आलेल्या माणसाकडे घरातलं कोणी निरखून बघत नाही.

सोमवारी ती आवाजाचा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापिकांच्या खोलीबाहेर उभी राहिली. "दर शुक्रवारी दहा मिनिटं माझं एक स्वगत ऐकाल का? आणि जे वाईट असेल तेवढंच सांगाल का?"

बाई चकित झाल्या. ऑफिसच्या वेळेत मुलं बहुधा गुण वाढवून घ्यायला येत. त्या म्हणाल्या, "ये."

पहिल्या शुक्रवारी त्यांनी सांगितलं, "तू वाक्याच्या शेवटी श्वास टाकून देतेस. प्रत्येक वाक्य मरतं." धाकटी त्या रात्री रडली आणि दुसऱ्या दिवशी सहाला उठून जिन्यात उभी राहून वाक्यांचे शेवट घोटू लागली. तिने गावातल्या लहान नाटक कंपन्यांत ऑडिशन द्यायला सुरुवात केली. नकार आला की वहीत तारीख घालून लिहायची, जमलं तर कारणही लिहायची. रविवारी आजोबांना वाचून दाखवायची. वही भरत चालली आणि जानेवारीतल्या त्या बोळाची भीती तिच्या मनातून हळूहळू जात राहिली.

थोरलीचा रविवार दुसऱ्या वर्षी उजाडला. वर्गात तिला एका म्हाताऱ्या कामगार बाईचं काम दिलं होतं. परदेशातून आलेली, दुसऱ्यांचे कपडे धुणारी. थोरलीने श्वास सांभाळला, बोली सांभाळली, पाठीला बाक दिला. प्रवेश संपल्यावर शिक्षक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण ही बाई कोण आहे?"

तिला सांगता येईना. दोन वर्षांत ती नाट्यशाळेतली माणसं सोडून कोणाशी पाच मिनिटंही बोलली नव्हती. त्या रात्री ती वसतिगृहामागच्या, नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात जाऊन बसली. पहाटे दोनला तिथे एक बाई कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालताना ती प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरवरून एकदा अंगठा फिरवायची, जणू कोणाची मान पुसते आहे. थोरली रोज जाऊ लागली. मग वाचनालयात जाऊ लागली, रात्रपाळीच्या बसमध्ये बसू लागली. पुढच्या रविवारी तिने आजोबांना त्या अंगठ्याबद्दल सांगितलं. आजोबा ऐकत राहिले आणि एवढंच म्हणाले, "आता वाजतेयस."

शेवटच्या वर्षीच्या हिवाळी सुट्टीत दोघी मिरजेला आल्या. आजोबांनी तंबोरा गवसणीत घातला आणि म्हणाले, "चला, याची जवारी काढायची आहे."

सतारमेकर गल्लीत दोन्ही बाजूंना दुकानं, आणि दुकानांतून लाकडाचा भुसा, लाख आणि सरसाचा वास. छताला रिकामे भोपळे टांगलेले. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. लढाया ओसरल्या तसे एकोणिसाव्या शतकात त्यांतले काही जण वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

"या मास्तर," म्हातारे कारागीर म्हणाले. त्यांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला आणि तारा सैल केल्या. "हे बघा पोरींनो. ही घोडी. तार हिच्यावरून जाते. वरून सपाट दिसते, पण हिला केसाएवढा उतार असतो. तार त्या उतारावर घासत जाते, म्हणून एका सुरात दहा सूर ऐकू येतात. त्याला जवारी म्हणायचं. हात फिरवून बघा."

धाकटीने बोट फिरवलं. घोडीवर तारांच्या बारीक खाचा पडल्या होत्या.

"तारेने वर्षभर घासघासून रेघा पाडल्यात. आता तार त्यात रुतून बसते, मोकळी घासत नाही. म्हणून सूर बंद झालाय."

त्यांनी कानस घेतली. दोन हात फिरवायचे, तार चढवायची, कान लावून ऐकायचं, पुन्हा सैल करायची, पुन्हा घासायची. घासताना ते घोडीकडे बघतसुद्धा नव्हते. सगळं लक्ष कानात. तासाभराने त्यांनी तारेखाली सुताचा दोरा सरकवला, कणभर पुढे, कणभर मागे, आणि एका जागी तो नाद असा उमलला की रस्त्यावरून चाललेला सायकलवाला थांबून आत बघू लागला.

थोरलीने विचारलं, "चाचा, आता किती वर्षं बघायला नको?"

"ते तुमच्या आजोबांवर आहे. वाजतो त्याचीच जवारी बसते, बेटा. न वाजणारा तंबोरा आमच्याकडे कधी येत नाही."

"आणि भोपळा? तो चांगला असला तर?" धाकटीने विचारलं. चार वर्षं तिच्या मनात असलेला हा प्रश्न होता.

कारागिरांनी त्या बसक्या भोपळ्यावरून तळवा फिरवला. "भोपळा आमच्या हातात एकदाच येतो. तो निवडला, चिकटवला, झालं. घोडी मात्र दरवर्षी येते. माझं सगळं आयुष्य घोडीवर गेलंय."

परत येताना तंबोरा दोघींनी मिळून धरला होता. कोणी काही बोललं नाही. बोलायची गरज उरली नव्हती.

काही वर्षं गेली. थोरली वेगवेगळ्या शहरांतल्या नाट्यगृहांत कामं करू लागली. दोन नाटकांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत ती शाळांतल्या मुलांना आवाज शिकवते. धाकटी एका लहान कंपनीत अभिनय करते, गरज पडली तर दिवेही लावते. दोघींनाही अजून नकार येतात आणि दोघीही रोज सहाला उठतात.

एकदा शेजारची मुलगी दोन पत्रं घेऊन त्यांच्याकडे आली. एक निवडक नाट्यशाळेचं, डोक्यावर मोठं कर्ज चढवणारं. दुसरं विना-ऑडिशन पदवीचं, शिष्यवृत्तीसकट. "कुठे जाऊ?" तिने विचारलं.

थोरली म्हणाली, "आधी विचारून घे. पहिल्या वर्षी स्टेजवर उभं राहू देतात का? मधल्या वर्षी कोणाला काढून टाकतात का? तुला रोज शिकवणार कोण? दुसरा एखादा विषय घेता येतो का? कर्ज किती वर्षांत फिटेल, आणि ते फेडताना नाटक करायला हात मोकळा राहील का?"

धाकटी म्हणाली, "आणि हे विचारून झालं की स्वतःला एक प्रश्न विचार. तुझ्यात आज कशाची उणीव आहे? शिस्तीची असेल, तर जिथे तुला रोज थांबवून दुरुस्त करतात तिथे जा, आणि तिथून जगाकडे बघायला विसरू नको. जग बघायचं राहिलं असेल, तर जिथे दार मोकळं आहे तिथे जा, आणि तुला दुरुस्त करणारा माणूस स्वतः शोधून काढ."

"पण तिथे निवड होऊनही मी नाही गेले, तर लोक काय म्हणतील?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मग थोरलीने कोपऱ्यातली गवसणी सोडली. आजोबांनी तो बसक्या भोपळ्याचा तंबोरा आता त्यांच्याकडे दिला होता. तिने तो मुलीच्या मांडीवर ठेवला, तिचं बोट धरून घोडीवर फिरवलं आणि तारांनी पाडलेल्या ताज्या खाचा तिला दाखवल्या.

तात्पर्य : ज्याला पारखून आत घेतलं, त्याने आपली खिडकी उघडी ठेवावी. ज्याला दार उघडं मिळालं, त्याने स्वतःला रोज पारखावं. निवड एकदाच होते, जवारी मात्र जन्मभर काढावी लागते.